टोपीखालचे चेहरे

"सगळे चेहरे एकदम मान्य करू नकोस," लहानपणी तिला पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला बजावलं होतं. "पोहायची टोपी चढवली, चष्मा लावला की माणूस म्हणजे सोललेलं अंडं. मी स्वतः जन्मभर पोरांना भलत्याच नावांनी ओरडत आलोय, तिथे तुझ्या यंत्राची काय कथा! एकेक फोटो बघ आणि मगच हो म्हण."

"बघते हो, मास्तर," ती म्हणाली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

एरवी ती काही सोडून देणाऱ्यांतली नव्हती. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना, म्हणून त्याच्या नाकाखाली बोट धरायची. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची. नवरा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. पण काळजी तरी माणसाने किती ठिकाणी पुरवायची? तिची सगळी त्या पाळण्यापाशीच संपत होती.

ज्या तलावात ती लहानपणी पोहायला शिकली, तो दुरुस्तीच्या नावाखाली बंद झाला तो झालाच. पोहणाऱ्यांचं मंडळ तेवढं उरलं. स्पर्धा, सहली, शिबिरं यांचे फोटो घरोघरी पडून होते. ते एकत्र करून इंटरनेटवर मंडळाचा इतिहास मांडायचं ठरलं, आणि ती शिकलेली, त्यातून सध्या घरीच असलेली, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोठं हुशार होतं. फोटो टाकले की ते कार्यक्रमांप्रमाणे लावायचं, चेहरे जुळवायचं आणि प्रत्येकाचं एक पान तयार करायचं: हा माणूस कुठल्या शर्यतीत होता, कुठल्या सहलीला आला होता. शंका आली की विचारायचं, 'हे दोघे एकच का?' आणि खाली एक बटण असायचं, 'सगळे मान्य'.

एका दुपारी बाळ खांद्यावर रडून रडून नुकतंच थकलं होतं. तिने मोकळ्या हाताच्या अंगठ्याने ते बटण दाबलं.

पानं सगळ्यांना खुली झाली तेव्हा मंडळात वेड लागल्यासारखे सगळे फोटो बघत बसले. "अरे, माझं पोट तेव्हा कुठे होतं बघा!" "पोट तेव्हाही होतं, फोटोत मावलं नाही!" अशी थट्टा चालली होती. त्यातच मावशींचा फोन आला.

मावशी म्हणजे तलावावर टॉवेल देणाऱ्या मावशी. कुडकुडत बाहेर आलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी कधी ना कधी गुंडाळून घेतलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मंडळातली सगळ्यात वेगवान पोहणारी. मासोळीच म्हणायचे तिला. आईशी कडाक्याचं भांडण करून ती घर सोडून गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. पत्र नाही, फोन नाही. आहे की नाही, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"अगं, माझी मासोळी सापडली!" मावशी म्हणाल्या. "तिच्या पानावर मागच्या वर्षीचा फोटो आहे. तळ्यातल्या शर्यतीचा. पोहते आहे गं अजून!"

तो फोटो शेजारच्या एका मंडळाने पाठवलेल्या संचातला होता. मावशींना "थांबा हं, बघते" म्हणून तिने तो संच उघडला. पुढच्याच फोटोत त्याच बाईने टोपी आणि चष्मा काढला होता. केस पांढरे, चेहरा सर्वस्वी वेगळा. मासोळीच्या आईच्या वयाची होती ती.

फोनवर मावशी हसत होत्या, रडत होत्या, मधेच बाळाची चौकशी करत होत्या. "उद्या येते मी तुमच्याकडे," एवढंच ती बोलू शकली.

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती गेली. मावशींच्या एका खोलीच्या घरात पलंगावर नवी चादर होती आणि उशा दोन होत्या.

"मावशी, चूक झाली. माझ्या हातून. ती मासोळी नाही." तिने पुढचा फोटो दाखवला.

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग शांतपणे म्हणाल्या, "हो, ही दुसरीच आहे."

तिने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"पण हिच्या मागे कोण आहे?" मावशींचं बोट कोपऱ्यातल्या एका पाठमोऱ्या आकृतीवर होतं. धूसर, ओली, खांदे किंचित पुढे झुकलेले. "चेहरा कुणाचाही कुणाला लागेल गं. पाठ मी ओळखते. रोज पुसायची मी ती."

"मावशी, अहो, ही कुणीही असेल..."

"तू आता आई झालीस ना? मग तुला कळायला हवं."

घरी येऊन तिने मासोळीच्या पानावरचा तो शर्यतीचा फोटो काढून टाकला. चूक सुधारायला नको का? संध्याकाळी मावशींचा पुन्हा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही. "तिला काढून टाकलंस होय? असू दे. मी जाऊन घेऊन येते."

आणि त्या गेल्या. तळ्याच्या गावाला, पाठमोऱ्या बाईला शोधायला.

मास्तर 'सांगितलं होतं ना' असं म्हणाले नाहीत. "थकली की परत येईल," एवढंच म्हणाले, पण रोज सकाळी फोन करून विचारू लागले, "काही कळलं का गं पोरी?" मावशींचा फोन बंद लागत होता. शेवटी तिने तळ्यावरच्या रखवालदाराचा नंबर मिळवला. "आहे एक म्हातारी," तो म्हणाला. "पायऱ्यांवर बसते. बायका पाण्यातून वर आल्या की त्यांच्या मागे जाऊन उभी राहते. आधी आम्ही हसलो, मग हसू आलं नाही. पण चार-दोन दिवस झाले, दिसली नाही बुवा. बाजूच्या लॉजवर उतरली होती म्हणे."

लॉजचा फोन कुणी उचलेना. बाळ तापाने फणफणलेलं. नवरा म्हणाला, "ताप उतरू दे, मी सुट्टी काढतो, आपण जाऊ." पण तोवर? बाळाच्या कपाळावरची घडी बदलता बदलता तिच्या डोळ्यांपुढे सारखं एक बंद दार येत होतं.

मग मंडळाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर, सगळ्या फोटोंच्या वर, तिने लिहिलं:

'हे वाचणारं कुणी तळ्याच्या गावात राहत असेल, तर कृपा करून आजच एक काम करा. तळ्याशेजारच्या लॉजवर जा. आमच्या मावशी तिथे एकट्या आहेत. बुटक्या, करड्या स्वेटरमधल्या, डाव्या पायाने किंचित लंगडतात. त्यांना समजवायला जाऊ नका, फोटोचा वाद घालू नका. तो घालून झालाय. जेवल्या का, अंगात ताप तर नाही ना, एवढं विचारा. दार वाजवून उघडलं नाही, तर मालकाला उघडायला लावा. आणि मला कळवा. कसंही असलं तरी कळवा.'