वाडीपर्यंत जाणारी गाडी

धम्मपालने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा घरात कुणीच हरकत घेतली नाही. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, हेही त्याने दोन वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. त्या गाडीचा फोटो तेव्हापासून त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर होता. घोडं अडलं ते शेवटच्या प्रश्नावर. त्या एकाच गाडीचे दोन प्रकार मिळत होते, ट्रेल आणि समिट.

दोन्हींची चारही चाकं ओढणारी. ट्रेलला रस्त्याचे साधे टायर आणि कठीण चढउतारासाठी कमी वेगाचा वेगळा गिअर. समिटला तो गिअर होताच, शिवाय ती जमिनीपासून चार बोटं जास्त उंच, टायर चिखलातले, खोल खाचांचे, पुढे लोखंडी बंपर, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना लॉक. म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं गाडी ओढून काढणार. धम्मपालला समिट हवी होती.

"रोज कुठे जाणार आहेस ती घेऊन?" मानसीने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं. ती दादरला शाळेत शिकवायची. "सकाळी मला दादरला सोडणार, पुढे शीव कोळीवाड्याला ऑफिसला जाणार, संध्याकाळी परत. यात चाक हवेत कधी लटकणार?"

"गावाला जाताना."

"वर्षातून चार दिवस."

"त्या चार दिवसांसाठीच घेतोय," तो म्हणाला आणि विषय तिथेच थांबला.

डिसेंबर यायला महिना होता. एका शनिवारी सकाळी चौघं वरळीच्या शोरूममध्ये गेली. धम्मपाल, मानसी, त्याची आई बकुळा आणि वडील रामजी. रामजींची तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून गेली होती. अजूनही ते कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिला एक फेरी मारून चारही बाजूंनी बघायचे. समिटलाही त्यांनी फेरी मारली.

गाडी दाखवायला ऋग्वेदा नावाची मुलगी होती, पंचविशीतली, चटपटीत. तिने आधी बकुळाबाईंना बसवायला घेतलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी दाराच्या वरचं हँडल धरलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच अडकल्या. पुढेही जाता येईना, मागेही. शेवटी ऋग्वेदाने पँट्रीतून प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि मानसीने मागून आधार दिला.

"बसले गं बाई," बकुळाबाई आत टेकत म्हणाल्या. "आता उतरवू नका मला. पोचलो की सांगा."

वरळीहून निघून डिलाईल रोड, तिथून परळ आणि परत, अशी फेरी झाली. धम्मपाल खूश होता. खड्डा आला की तो मुद्दाम त्यातून जाई आणि आरशातून मागे बघे. पण सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर टायरांचा घूं घूं असा एकसुरी आवाज सुरू झाला. मानसीला दोन वेळा तेच वाक्य पुन्हा बोलावं लागलं.

परत आल्यावर रामजी पहिल्यांदा बोलले. "बकुळा, जरा गाडीच्या समोर उभी राहा बघू."

"मी कशाला?"

"राहा तर."

बकुळाबाई चार फूट दहा इंच. त्या बंपरला जवळजवळ टेकून उभ्या राहिल्या. "धम्मा, आई दिसते का रे?" रामजींनी विचारलं.

धम्मपाल ड्रायव्हरच्या सीटवर होता. त्याने मान उंच केली. "दिसते ना."

"काय दिसतं?"

"केस दिसतात. भांग."

मग रामजींनी शेजारच्या ट्रेलमध्ये त्याला बसायला लावलं आणि बकुळाबाईंना तिच्यासमोर उभं केलं. यावेळी त्याला केसांखाली कपाळ आणि चष्माही दिसला. आई चष्म्यातून त्याच्याकडे बघून हसत होती. रामजींनी फक्त मान डोलावली. "आपल्या गल्लीत माणसं गाडीसमोरूनच रस्ता ओलांडतात," एवढंच ते म्हणाले.

धम्मपालला ते लागलं. कॉफी आली, कागद समोर आले, तेव्हा तो ऋग्वेदाला सांगायला लागला, पण सांगत होता खरं तर सगळ्यांना. "मॅडम, आमचं गाव मंडणगडच्या पुढे आहे. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. आमची बौद्धवाडी खाली ओढ्यापलीकडे. अर्धा किलोमीटर उतार, लाल माती, दगड. मी नऊ वर्षांचा होतो, त्र्याण्णव साल. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावाला होतो आणि आजोबांच्या पोटात दुखायला लागलं. गावात एकच जीप होती. ती वर रस्त्यावर येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी खाली उतरत नाही. मग चौघांनी आजोबांना बाजेवर घालून वर नेलं. आमचे बाबा त्यात एक. मी मागून चालत होतो. त्या दिवशी मी ठरवलं होतं, मी अशी गाडी घेईन जी खाली उतरेल."

ऋग्वेदा म्हणाली, "सर, मग निवांत विचार करा. दोन्ही गाड्या आहेत, घाई नाही."



संध्याकाळी बकुळाबाई आणि मानसी खाली भाजी आणायला गेल्या. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत त्यांना सोळाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. रामजींना तिथली छोटी बाल्कनी आवडायची. खालचा डिलाईल रोड आवाजावरून ओळखू यायचा. ते खुर्चीत बसले होते. धम्मपाल दोघांचा चहा घेऊन आला.

"धम्मा," रामजी म्हणाले, "ती जीप उतरली असती."

"कुठली?"

"त्र्याण्णवची. त्याच आठवड्यात ती दोनदा ओढ्यापर्यंत गेली होती. रेती आणायला. वरच्या आळीत कुणाचं तरी घर बांधायला काढलं होतं. भरलेली रेती घेऊन तोच चढ चढली होती."

धम्मपालने कप खाली ठेवला. "मग तो म्हणाला की उतरत नाही..."

"म्हणाला. त्याला आपला माणूस वाडीतून उचलायचा नव्हता. वर आणून दिला तर चालत होता. तसं तोंडावर कसं म्हणणार? म्हणून गाडीचं नाव पुढे केलं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"बाजेवर माझा बाप होता," रामजी शांतपणे म्हणाले. "भांडत बसलो असतो आणि त्याने वर रस्त्यावरूनही नेलं नसतं, तर? आम्ही चौघं बघत होतो एकमेकांकडे. चौघांनाही माहीत होतं. बाज उचलली आणि चालायला लागलो."

आजोबा मंडणगडला पोचले होते आणि चौथ्या दिवशी गेले होते. धम्मपालच्या तोंडाशी एक प्रश्न आला. त्याने तो विचारला. "अर्धा तास लवकर पोचले असते तर?"

"ते मला माहीत नाही. मी पुष्कळ वर्षं विचार केला त्याचा. ते कुणालाच सांगता येणार नाही."

"मला कधीच सांगितलं नाहीत."

"तू लहान होतास. वर आलो तेव्हा तू जीपच्या चाकांकडे बघत उभा होतास, रागाने. मला वाटलं, पोर चाकांवर राग काढतंय तर काढू दे. माणसांवर काढायला पुढे आयुष्य पडलंय." ते थोडे थांबले. "मग तू शिकलास, नोकरीला लागलास, आणि तो विषय निघालाच नाही. आज निघाला. समिट घ्यायची तर घे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या जीपसाठी घेऊ नकोस. ती काही अडकली नव्हती."

धम्मपाल उठून आत गेला. हॉलमध्ये पंख्याखाली नुसता बसून राहिला. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. जीपवाला कधीच वारला होता. बत्तीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर एक उतार होता, त्यावरचे दगड होते, त्या दगडांना पुरून उरेल असं एक यंत्र होतं. आणि अडवणारे दगड कधी नव्हतेच. मानसी भाजीच्या पिशव्या घेऊन आली, त्याचा चेहरा बघितला आणि पिशव्या ओट्यावर ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याने तिला सगळं सांगितलं. ती नुसती ऐकत राहिली; कुठली गाडी घ्यायची यावर त्या दिवशी तिने एक शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी त्याने गावी आत्याला फोन लावला. सुंदराबाई, रामजींची मोठी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वाडीतल्या घरात एकटी राहायची आणि मुंबईला कायमचं यायला कधीच तयार नव्हती.

"आत्या, वाडीत गाडी येते का गं हल्ली?"

"दौलतचा टेंपो येतो की. गॅसचे बाटले घेऊन दर गुरुवारी. दारात येतो."

"दारात? साधा टेंपो?"

"साधाच. मागे दोन दगड टाकतो वजनाला. पण पावसात नाय हा. पावसात माणूस धड चालत नाय तिथं, गाडी काय येतेय! का रे, गाडी घेतोस काय?"

"घेतोय."

"घे घे. थोरली नको घेऊ, मला चढता येत नाय."

धम्मपालला हसू आलं. मग त्याला एकदम सुचलं म्हणून तो म्हणाला, "आत्या, यंदा सहा डिसेंबरला दादरला येशील ना? मी न्यायला येतो."

"मी एकटी कशी येऊ? आम्ही चौघी असतो दर वर्षी."

"चौघींना नेतो."

त्याच आठवड्यात ऑफिसमधून लवकर निघून तो एकटाच वरळीला गेला. ऋग्वेदाला विचारून पुन्हा एकदा समिटमध्ये बसला. काचा वर केल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी सुंदर होती, त्यात काही खोट नव्हती. घेतली असती तर गावात सगळे वळून बघणार होते, आणि ते आपल्याला हवं होतं हेही त्याला आता कबूल करावं लागलं. पाचेक मिनिटं तो तसाच बसला. मग उतरला आणि म्हणाला, "ट्रेल. निळी."

"टायर नंतर कधीही बदलून घेता येतात, सर," ऋग्वेदा म्हणाली. ती त्याला बरं वाटावं म्हणून म्हणत होती हे त्याला समजलं.

"बघू," तो म्हणाला.

बाहेर पडताना त्याला थोडं हलकं वाटलं आणि थोडं रिकामंही. मोबाइलवरचा समिटचा फोटो त्याने सिग्नलला थांबल्यावर काढून टाकला. त्याजागी काय लावायचं ते सुचेना, म्हणून मोबाइलबरोबर आलेलं साधं निळं चित्रच राहू दिलं.

चार डिसेंबरला तो आणि रामजी पहाटे निघाले आणि उन्हं चढायच्या आत गावात पोचले. डांबरी रस्ता संपला तिथे धम्मपालने गाडी थांबवली आणि कमी वेगाचा गिअर टाकला. रामजींनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे दगड आहे... हां, येऊ दे." उतार त्याच्या आठवणीपेक्षा पुष्कळ लहान निघाला. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. एकदा खालून काहीतरी खरडल्याचा आवाज आला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण ते तेवढंच. दहा मिनिटांत गाडी आत्याच्या अंगणात होती.

सुंदराबाई पांढऱ्या साडीत तयार उभी होती. तिच्याबरोबर सुभद्रा, चंपा आणि आणखी एक म्हातारी. प्रत्येकीची एक पिशवी, शिवाय तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं, सुक्या मासळीचा डबा आणि मुंबईतल्या कुणासाठी तरी नाचणीचं पीठ. रामजी पुढे बसले, तिघी मागे मावल्या, चौथी मावेना. जरा विचार करून रामजी खाली उतरले. "मी एसटीने येतो. सवय आहे मला."

"बाबा, काहीतरीच काय!"

"अरे, यांना बसू दे. मी तुझ्या मागोमाग पोचतो."

सुंदराबाई पुढच्या सीटवर बसली. स्वतःच चढली, कुणाचा हात न धरता. रामजी वर डांबरापर्यंत गाडीपुढे चालत गेले आणि तिथे एसटीच्या थांब्यावर उभे राहिले.

वरच्या आळीत रस्ता अरुंद होता आणि मधोमध कुणाचीतरी मोटरसायकल लावलेली होती. धम्मपालने हॉर्नवर हात नेला आणि थांबला. ते घर त्याला माहीत होतं. जीपवाल्याचं. आतून विशीतला एक मुलगा आला, "सॉरी हा दादा," म्हणाला आणि गाडी ढकलत बाजूला केली. धम्मपालने मान हलवली. आता आपल्याला काय वाटतंय याची तो वाट बघत राहिला. मागून चंपाबाईंनी एसी कमी करायला सांगितला, त्यांचे कान दुखत होते. तो बटण शोधायला लागला आणि गाडी गावाबाहेर आली.

सहा तारखेला दादरच्या बाजूला गाड्या सोडत नव्हते. सगळी चालतच निघाली. बकुळाबाई आणि सुंदराबाई एकमेकींचा हात धरून, सावकाश. प्रभादेवीच्या पुढे रांग लागली. उन्हात माणसं शांतपणे उभी होती. पाणी वाटणारे पुढेमागे फिरत होते. सुंदराबाईच्या मागे विदर्भातली एक बाई होती, कडेवर नात. बोलता बोलता सुंदराबाई तिला सांगू लागली, "भाच्याने आणलं यंदा. अंगणातून गाडीत बसले."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आमच्या गावात तर पावसाळ्यात एसटी बी येत नाही. पोरगी बाळंत व्हायची होती तर बैलगाडी जुंपली."

धम्मपाल पुढे बघत उभा होता, तो मागे वळला. "कुठलं गाव तुमचं?" त्याने विचारलं, आणि तिची नात आपल्याकडे घेतली, म्हणजे तिचा हात जरा मोकळा होईल.