आईची साक्ष

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे काचेची सिरिंज उकळली. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात असे. आई दंड पुढे करून म्हणाली, "टोच बाई. शाळंत पोरांना असंच टोचून बोलतीस व्हय?" मी हसले. सन १९७४, इस्लामपूर. आमचा तो शेवटचा साधा दिवस.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब पाटणला गेले होते. संध्याकाळची प्रार्थनासभा बाहेरगावचे उपदेशक नाथाजी बंधू यांनी घेतली. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. "राहीबाई, हलकं वाटतंय ना? मग प्रभूनं काय केलं ते मंडळीपुढं सांगा. द्या साक्ष!" टाळ्या सुरू झाल्या. आई गांगरून उठली. "प्रभूनं माजी साखर बरी केली," म्हणाली.

रविवारी तिनं दंड पुढे केला नाही.

"साक्ष दिलीया मी. आता सुई घेतली तर ती खोटी साक्ष व्हईल. बायबलातल्या धा आज्ञांत 'खोटी साक्ष देऊ नगं' हाय, इसरलीस?"

"आई, डॉक्टर म्हणालेत, एक दिवसही चुकवायचं नाही."

"डाक्टरचं लय दिस ऐकलं. आता देवाचं ऐकू दे की जरा."

तो आवाज नाथाजी बंधूंचा होता, देवाचा नव्हता. एवढंच मला म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. मी फार पुस्तकं वाचते, माझा विश्वास कच्चा, अशी कुजबुज मंडळीत आधीच होती. खरी भीती मात्र निराळी होती. आई खरोखरच बरी होत असेल आणि माझ्या शंकेनं ते मोडलं तर?

सोमवारी तिनं घागरभर पाणी संपवलं. मंगळवारी उलट्या झाल्या. बुधवारी ती धापा टाकू लागली. श्वासाला नासलेल्या फळांसारखा वास येत होता. तेव्हा कुठे मी पाटणहून परतलेल्या पाळकसाहेबांकडे धावले.

"औषध बंद?" ते ओरडलेच. "अगं, कुणी सांगितलं? थांब, गाडी बघतो."

मिरजेच्या दवाखान्याच्या वाटेवर, आष्टा गाव यायच्या आत, तिची धाप थांबली.

दोन महिन्यांनी नाथाजी बंधू पुन्हा आले. पाळकसाहेबांनी चर्च दिलं नाही, म्हणून या वेळी सभा मंडळीतल्या नानासोंच्या अंगणात होती. "राहीबाई बरी होऊन प्रभूकडे गेली," त्यांनी सांगितलं. बरेच जण आमेन म्हणाले. मग त्यांनी बनुबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. बनुबाईंना फिट येई. रोजच्या गोळ्यांवर त्या उभ्या होत्या.

"द्या साक्ष, बनुबाई!"

बनुबाई लाजत उठल्या. मांडवाचा खांब धरून मीही उभी राहिले.

"अंजनाताई, बसा. तुमचं नंतर घेऊ," नाथाजी बंधू मला म्हणाले.

"नंतर नको," मी म्हणाले. "बनुबाई, माझी साक्ष आधी ऐका. आई बरी झाली नव्हती. मला ते ठाऊक होतं. आणि मी घाबरून गप्प बसले."