कारेझ नाही, असा जबाब

सखीदाद काका खोटं बोलले होते आणि ते खोटं माझ्याच अक्षरात कागदावर उतरलं होतं. हे आधी सांगतो.

गेल्या वसंतात सर्वेक्षणवाले हेरातजवळच्या आमच्या संगाब गावात आले. सरहद्दीपलीकडून येणारी गॅसची पाइपलाइन आमच्या जमिनीतून दुसऱ्या सरहद्दीकडे जायची होती. त्यांच्यासोबत चार बंदूकवाले होते.

"इथून कारेझ जातो का?" त्यांनी विचारलं.

काका गावाचे मीराब. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या ज्या बोगद्यातून गावात येतं, त्या कारेझची राखण करणं आणि शेतांना पाळ्या लावून देणं हे त्यांचं काम. ते म्हणाले, "नाही."

मी शाळामास्तर, म्हणून जबाब मी लिहिला. काकांनी अंगठा दिला. मीही गप्प बसलो. बंदूकवाल्याने विचारलं तर कारेझ नाही, हे उत्तर आमच्याकडे चाळीस वर्षं चालत आलंय. सहा वर्षांचा असताना, रशियन फौज आली तेव्हा, मी आईबरोबर त्याच बोगद्यात लपून अकरा दिवस काढलेत. बोगद्यात उतरायच्या विहिरींची वरची तोंडं तेव्हा दगडमातीने बुजवली. त्यातली बरीच अजून तशीच आहेत.

आज सकाळी खोदयंत्र आलं. इंजिनीयर वहीद हेरातचाच. त्याने कागद माझ्यासमोर धरला.

"मास्तर, अक्षर तुमचं ना?"

"माझं. पण कारेझ आहे. यंत्रापासून वीस पावलांवर."

"गेल्या वर्षी नव्हता, यंदा उगवला?"

काकांनी विचारलं, "रशियन आले तेव्हा तुझा बाप कुठे होता रे?"

"इराणात."

"मग तुला काय कळणार."

"मला दाखवा, काका. बोलून काय होतंय?"

काकांनी वरच्या अंगाची एक विहीर उघडली आणि वहीदच्या देखत पोतंभर भुसा आत ओतला. पाऊण तासाने तो गावातल्या पाटात तरंगत आला. वहीदने ओंजळीत घेऊन पाहिला. मग बाजूला जाऊन फोन केला.

"साहेब म्हणतात, नकाशा मंजूर झालाय. बदलायला तीन आठवडे लागतील, आणि चर आजच खणायचा आहे. कारेझ तुटला तर तुम्हाला बोअर मारून देऊ."

"बोअरला वीज?" मी विचारलं.

"येईल. गॅस सुरू झाला की."

"म्हणजे गॅस आम्हालाही मिळणार?"

"इथे नाही. तो पुढे जातो."

तेव्हा मी जे बोललो ते शाळेत कुणी बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. वहीदने ड्रायव्हरला यंत्र सुरू करायची खूण केली.

काका घरी गेले होते. परतले ते पांढऱ्या कपड्यांत. कारेझमध्ये उतरणारा पांढरेच घालतो. छत कोसळलं तर वेगळं कफन लागत नाही. यंत्रासमोरच्या विहिरीवरची माती त्यांनी फावड्याने ओढली, दगड सरकवला.

"काका, हे कशाला?" वहीद म्हणाला.

"कागदावर कारेझ नाही ना? मग मी कुठे चाललोय? जमिनीवरच आहे. खण तू."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, या खेपेला खरं लिही." आणि भिंतीतल्या खाचांत पाय रोवत खाली गेले.

ड्रायव्हरने कुणी न सांगता यंत्र बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली.

"त्यांना वर बोलवा, मास्तर," वहीद म्हणाला.

"तुम्हीच बोलवा. तुमचा कागद म्हणतो खाली काही नाही."

त्याने विहिरीत वाकून दोनदा हाक मारली. खालून फक्त पाण्याचा आवाज आला. तेव्हा त्याने जुना जबाब माझ्या हातात दिला. "यावर काट मारा. नवा लिहा."

मी काट मारली नाही. ते उत्तर आम्ही का दिलं, हेही कुणीतरी वाचायला हवं. खाली नवी ओळ लिहिली: कारेझ आहे, आत माणूस आहे.

वहीदने कागद पाहिला. "अंगठा?"

"तो खाली आहे," मी म्हणालो. "आधी नकाशा बदलून आणा."