ठिणगी कुणी खाल्ली?

उपासना सुटली, म्हाताऱ्या एकमेकींना धरून व्हॅनमध्ये चढल्या, आणि चर्चच्या फाटकातून बाहेर पडून चौरस्त्याच्या मधोमध येताच व्हॅनने एक उचकी दिली अन् प्राण सोडला.

चर्चची व्हॅन चालवणाऱ्या ओझेला टार्व्हरने किल्ली फिरवली. स्टार्टर घुरघुरला, इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मागे ओंडके लादलेला ट्रक भोंगा वाजवायला लागला. आणि चर्चच्या पायऱ्यांवरून, पोटावर हात बांधून, तिथल्या कारभारी मंडळातला डीकन होझिया ब्लेडसो म्हणाला, "मी बोललो होतो, सिस्टर टार्व्हर. बोललो होतो की नाही?"

ओझेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तोंड उघडलं असतं तर रविवारी निघू नये असं काहीतरी निघालं असतं. तिने दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचललं. या जुन्या व्हॅनचं काळीज ड्रायव्हरच्या मांडीशीच असतं. कॉइलची जाड तार उपटून तिने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि शेजारी बसलेल्या मदर लुसिंडाला म्हणाली, "मदर, किल्ली फिरवा जरा."

मदर लुसिंडा गेन्स, चर्चमधली मानाची म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिने चाचपून किल्ली फिरवली. "पडली का गं ठिणगी?"

"नाही पडली."

"मला वाटलं, मलाच दिसली नाही."

मागच्या बायका खुदखुदल्या, पण ओझेलाला हसू येईना. ठिणगी नाही म्हणजे ठिणगी पाडणारं नवं इलेक्ट्रॉनिक किट जळालं. आणि हे दुसरं. पहिलं इस्टरनंतर बसवलं होतं, तेही असंच गेलं.

चर्चच्या माणसांनी व्हॅन ढकलत आवारात आणली. ब्लेडसो पायऱ्या उतरून आला. "जुने पॉइंट होते तेव्हा गाडी चालत होती. ही इलेक्ट्रॉनिक थेरं तुम्हाला सांगितली कुणी?"

"चालत होती?" ओझेला उसळली. "सारखे पॉइंट जळायचे. डिस्ट्रिब्युटर उघडून ते दोन नखाएवढे तुकडे पॉलिश पेपरने कोण घासायचं? तुम्ही? माझी नखं बघा, डीकन! आयुष्यभर कपाशी वेचणाऱ्या बाईची नसतील अशी झालीत. म्हणून तर पॉइंट काढून नवं किट घातलं."

"मग आता काय वेचताय?" ब्लेडसो शांतपणे म्हणाला. त्याचा शांतपणाच तर तिला डोळ्यासमोर नको व्हायचा. "अटलांटाहून एक तरुण येत्या रविवारी येतोय. त्याला जुन्या व्हॅनचं वेड आहे, घर करून राहतो म्हणतो तिच्यात. मंडळाचं ठरलंय. त्या दिवशी गाडी धड चालली तर ठीक, नाहीतर त्याला देऊन टाकायची."

"आणि ओढ्यापलीकडच्या या बायका यायच्या कशा?"

"रेडिओवर उपदेश येतो की. घरबसल्या ऐकतील."

"होझिया," मदर लुसिंडा खिडकीतून म्हणाली, "रेडिओ माझ्या हाताला धरून मला बाकावर बसवतो का रे?"

ब्लेडसोने टोपी सारखी केली आणि तो निघून गेला.

सोमवारी ओझेला प्रुइटच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरली ती वादळासारखी. किटची जळकी डबी तिने काउंटरवर आपटली. "हे काय विकतोस रे? चर्चच्या म्हाताऱ्यांना फसवून कुठं जाशील?"

प्रुइटने चष्मा लावला, डबी उलटीपालटी केली, हुंगली. "ही आपोआप जळत नाही, मॅडम. किल्ली चालू आणि इंजिन बंद असलं की जळते. इंजिन फिरत नाही, पण कॉइलमधून वीज वाहतच राहते. ती तापते, आणि ही डबीसुद्धा तिच्याबरोबर भाजते. किल्ली चालू ठेवून कोण बसतं?"

"कोण बसतं म्हणजे? मी बसते असं म्हणतोस?"

"मी फक्त विचारलं."

"गाडी थांबली की माझी किल्ली माझ्या पर्समध्ये असते! मुरलेली ड्रायव्हर आहे मी, पोरा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेय. तुझ्या बापाला नेऊन सोडलंय शाळेत, आणि तोही असाच तोंड वर करून बोलायचा!"

प्रुइटने निमूटपणे नवी डबी पुढे केली. "गॅरंटीत देतो. पण कॉइलला अधूनमधून हात लावून बघत जा."

रस्ताभर ती मनात त्याला फाडून खात होती. पण हाताने काम चोख केलं. अंगणात पिकानच्या झाडाखाली व्हॅन उभी करून तिने नवी डबी बसवली, प्लगांच्या फटी मोजल्या, टायमिंग लावलं. कॉइलकडे येणारी जुनी तार वाटेतच वीज गिळते, असं किटबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. पहिल्या दोन्ही वेळी तिने ते कंटाळून सोडून दिलं होतं. या वेळी थेट नवी जाड तार ओढली. किल्ली फिरवताच इंजिन असं लागलं, जणू कुणी नाव घेऊन हाक मारली. चढावर व्हॅनने एकदाही धाप टाकली नाही. ओझेला एकटीच मोठ्याने "आता बोला, डीकन!" म्हणाली.

रविवारी सकाळी ओढ्यापलीकडच्या एकेका दारातून तिने म्हाताऱ्या गोळा केल्या आणि आवारात येऊन उभी राहिली. उपासनेला वेळ होता. नेहमीप्रमाणे तिने इंजिन बंद केलं, कारण त्याच्या खडखडाटात शब्द कळत नाहीत. आणि नेहमीप्रमाणे किल्ली पुन्हा एक टप्पा पुढे केली, कारण त्याशिवाय रेडिओ लागत नाही. मेकन शहरातल्या एका पाद्रीबुवांचा उपदेश सुरू झाला.

आधी बोलणं साधंच होतं, ओसरीवर बसून बोलावं तसं. मग पूर्वरंग सरला, आवाजाला हळूच सूर लागला. शब्दाशब्दाला हेल, प्रत्येक ओळीच्या टोकाला तो ओढून घेतलेला श्वास. बुवांनी सगळ्यांना स्वर्गाआधीच्या नदीच्या काठाशी आणून उभं केलं. "पाणी गार आहे," ते गायले. "हो, बुवा!" मागची बाई म्हणाली. "पाणी खोल आहे." "सांगा, सांगा!" मदर लुसिंडाचे मिटलेले डोळे पाझरायला लागले. ओझेलाचंही अंग शहारलं. या सुरात बसलं की संधिवात, अपमान, ब्लेडसो, सगळं अलीकडच्या काठावर राहतं.

तेवढ्यात तिला वास आला. गरम लाखेचा, करपट.

तिने झाकण उचलून कॉइलला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. तवा तापावा तशी तापली होती. बोट तोंडात धरून ती डॅशबोर्डकडे बघतच राहिली. किल्ली चालू. इंजिन बंद.

पर्समध्ये किल्ली असते, असं ती प्रुइटला छातीठोक सांगून आली होती, आणि ते खोटं नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, बँकेसमोर किल्ली पर्समध्येच असायची. पण ही वेळ देवाची. ती तिने गाडीच्या हिशेबात कधी धरलीच नव्हती. दर रविवारी देवाचं नाव ऐकत त्या सगळ्याजणी मिळून कॉइल शिजवत होत्या. दोन्ही किटं याच आवारात भाजली. आणि पॉइंट? वर्षानुवर्षं तिने घासलेले ते पॉइंटसुद्धा!

रेडिओत बुवा टिपेला पोचले होते. पाय पाण्यात होता, पलीकडचा काठ दिसत होता. आणखी दोन ओळी, बास. पण त्या दोन ओळी दहा मिनिटं चालतात हे ओझेलाला ठाऊक होतं. तोवर डबी जाणार, आणि डबीबरोबर व्हॅन, आणि व्हॅनबरोबर या सगळ्यांचा रविवार.

तिने किल्ली काढली.

एकच गिल्ला झाला. "कुणी बंद केलं?" "अगं, पाण्यात उभं करून सोडलंस आम्हाला!" "सैतान शिरला का हिच्यात?"

"गप्प बसा!" ओझेला ओरडली. "गाडी जळतेय! हॅटा काढा आणि वारा घाला!"

कुणाला काही कळलं नाही, पण तिच्या आवाजापुढे रविवारच्या हॅटा उतरल्या. जाळीच्या, फुलांच्या, पिसांच्या. साऱ्या वाकून कॉइलला वारा घालू लागल्या. आणि मदर लुसिंडाने, कुणी न सांगता, बुवांनी सोडला होता तिथून सूर उचलला. तिचा आवाज फाटका, पण ताल पक्का. ती एकटीच सगळ्यांना नदीपार घेऊन गेली, आणि "पोचलो!" म्हणाली तेव्हा बायका वारा घालायच्या थांबून रडत होत्या.

ओझेला मात्र डॅशबोर्डखाली उताणी पडली होती. हा रेडिओ चालू किल्लीवरच का लागावा? शाळेच्या बसमध्ये तर इंजिनाला वीज न देता लागायचा. तिने टॉर्च लावला. रेडिओची तार इग्निशनच्या तारेला पीळ घालून जोडलेली, वर काळी टेप. टेप जुनी होती, पण पीळ घट्ट.

"हे कुणी केलं?" ती गरजली.

"काय झालं?" ब्लेडसो अटलांटाच्या तरुणाला घेऊन दारात उभा होता. वाकून बघताच त्याचा चेहरा उतरला. "ते होय. ते मी केलं होतं. मुलं आवारात बसून रेडिओवर भलतीसलती गाणी लावायची. किल्लीशिवाय रेडिओ लागूच नये, म्हणून..."

ओझेला हळूहळू बाहेर आली आणि उभी राहिली.

"म्हणजे मी घासत होते ते पॉइंट तुम्ही जाळत होता! आणि पायऱ्यांवर उभं राहून मलाच विचारत होता, बोललो होतो की नाही? बोलला नाहीत, डीकन! एवढी एक गोष्ट बोलला नाहीत!"

"मला काय ठाऊक, तुम्ही बायका इंजिन बंद करून..."

"उपदेश ऐकतो! चर्चच्या आवारात! मग काय चालत्या इंजिनावर ऐकायचा?"

ओझेलाने कॉइलला हात लावला, तो ठेवता आला, आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. म्हाताऱ्यांनी असा जयजयकार केला की तरुण दोन पावलं मागे सरकला.

"छान आवाज आहे," तो म्हणाला. "मग... विकताय ना?"

"याला विचारा," मदर लुसिंडा म्हणाली, आणि ब्लेडसोच्या श्वासाचा अंदाज घेत तिने बरोबर त्याच्याकडे बोट केलं.

"नाही," ब्लेडसो घसा खाकरत म्हणाला. "गाडी चालली. मंडळाचा शब्द आहे."

"शब्द राहू द्या, कोट काढा," ओझेला म्हणाली आणि पक्कड त्याच्या हातात ठेवली. "रेडिओची तार सोडवा आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवर घ्या. उपासनेच्या आधी."

डीकन होझिया ब्लेडसो कुरकुरत डॅशबोर्डखाली शिरला. त्याचे चकचकीत काळे बूट तेवढे दाराबाहेर राहिले.

"पीळ सुटत नाही," आतून आवाज आला.

"सुटेल," ओझेला म्हणाली. "तुम्हीच घातलाय."