निर्माल्याची विहीर

विहीर उपसायला आलेल्या माणसांनी पहिली टोपली वर ओढली आणि अनुजा दोन पावलं मागे सरली. काळा चिखल, त्यात कुजून लगदा झालेले झेंडू, गाठी मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या काचेचे देवांचे फोटो. गिरगावातली ही वाडी म्हणजे भारी सोवळ्याची. जिन्यात कुणी केळ्याचं साल टाकलं तर आठवडाभर घरोघर पंचनामा चालायचा. विहीर मात्र सगळ्यांनी मिळून एकदिलाने नासवली होती.

"एवढा कचरा टाकला कुणी?" अनुजाने विचारलं.

"कचरा काय म्हणतेस? निर्माल्य आहे ते," वाडीतले सगळ्यांत जुने भाडेकरू अप्पा दुखावून म्हणाले. "पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडायचं असतं."

पिशवीसकट का सोडायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. बाकीच्यांनी तर कानांवर हातच ठेवले.

विहीर साफ व्हावी म्हणून अनुजा सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागली होती, ती काही हौस म्हणून नाही. तिचे सासरे नाना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. चादर ओली झाली की लगेच बदला, नाहीतर जखमा चिघळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात पाणीकपात. सकाळी नळाला येणारं पाणी पिण्यात आणि स्वयंपाकात संपायचं. तांदूळ धुतलेल्या पाण्याने ती लादी पुसायची, नळ उघडा टाकून दाढी करणाऱ्या नवऱ्याच्या हातात तिने तांब्या दिला होता. तरी मोरीत मळक्या चादरींचा ढीग साचायचा आणि घरभर त्यांचा वास मुरायचा.

गाळ निघाला, वर जाळी बसली, पंप लागला. धुण्यापुरतं स्वच्छ पाणी मिळू लागलं आणि नानांच्या जखमा सुकायला लागल्या. सासूबाई यशोदा सहसा कुणाचं कौतुक करायच्या नाहीत, पण त्याही म्हणाल्या, "चांगलं केलंस हो."

मग एके दिवशी अनुजाने धुण्यासाठी बादली भरली, तर नासक्या दुधाचा भपकारा आला. ती खाली धावली. जाळी एका बाजूला सरकवलेली होती. पाण्यावर तुपाचा तवंग, फुगलेली केळी, विड्याची पानं आणि फुटलेली पिशवी. एकाने सुरुवात केल्यावर इतरांना काय, आणखी तीन पिशव्या शेजारी तरंगत होत्या.

वर येऊन तिने मोरीतली तीच बादली उचलली आणि बाहेरच्या खोलीत आणली. यशोदाबाई देवापाशी वाती वळत होत्या.

"आई, विहिरीत कुणी टाकलं ते?"

"मीच सोडलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "परवाच्या सत्यनारायणाचं होतं. यांना बरं वाटावं म्हणून पूजा घातली, तर उरलेलं पंचामृत काय गटारात ओतायचं? देवाचं कधी घाण नसतं, अनुजा."

अनुजाने देव्हाऱ्यातली पळी उचलली आणि बादलीत बुडवली.

"हात पुढे करा, आई. तीर्थ घ्या."

सवयीने यशोदाबाईंचा उजवा हात पुढे झाला. पण पळी जवळ आली तसा त्यांनी तो मागे घेतला आणि पदर नाकाला लावला.

"हे कसं तोंडात घालू गं? ओकारी येईल."

"तुम्हाला तोंडात नको. मग त्यांच्या उघड्या जखमांना चालेल?"

यशोदाबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आत नाना ओल्या चादरीवर कण्हत होते, आणि घरात धुतलेली चादर एकही नव्हती.