मऊ वाळलेला रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. पाहुण्यांसमोर खिशातून काढावा असा मुळीच नाही. निळ्या चौकड्यांचा, अंगाने ऐसपैस, आणि एका कोपऱ्याची उसवलेली शिवण काळ्या दोऱ्याने पुन्हा घातलेली. माझे सगळे आयुष्य एका सुताराच्या खिशात गेले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

गिरणीत लांबलचक ताग्यातून मला कापले, कडा दुमडून शिवल्या आणि खळ लावून इतके ताठ केले, की दुकानाच्या काचेमागे मी ऐटीत उभा असे. मिस्त्रींच्या बायकोने आम्हा तिघा भावांना एकाच डब्यातून घरी आणले. एक भाऊ हरवला. दुसरा लाकूड चिकटवायच्या सरसाचे तापलेले भांडे उचलताना जळाला. उरलो मी.

मिस्त्रींच्या कारखान्यात दिवसभर करवत चाले आणि भुसा हवेत तरंगत राही. तो नाकात गेला, की मिस्त्रींच्या शिंका सुरू. पॉलिशवाला त्यांचा जुना सोबती. तो म्हणे, "मिस्त्री, जरा हळू. तुमच्या शिंकेनं माझं पॉलिश सुकतंय."

"तू पॉलिशच्या वासानं झिंगतोस, मी भुशानं शिंकतो. दोघांचं बरं चाललंय की!"

संध्याकाळी माझी काय दशा होई, ते सांगायला लाज वाटते. ओला असेपर्यंत ठीक, पण एकदा वाळलो, की माझा पार पुठ्ठा होई. मिस्त्रींची बायको मला दोन बोटांत धरून म्हणे, "अहो, हा रुमाल आहे की फळी? टेकवून ठेवला तर उभा राहील!"

"सुताराचा रुमाल आहे. फळीच होणार."

मग ती मला गरम पाण्यात भिजवी, साबण लावी, चोळचोळ चोळी. ते दिवस सुखाचे होते, हे मला फार उशिरा कळले.

पुढे मिस्त्रींना उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले. चालताना ते एका बाजूला झुकू लागले. तपासणीत ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी कानामागून कवटी उघडून ती काढली. ऑपरेशन कठीण होते, पण उत्तम झाले. मिस्त्री घरी आले, तेव्हा त्यांची मुलगी रजा काढून राहायला आली होती. डोक्याला पट्टी बांधलेले आपले बाबा खुर्चीत बसून चहा पिताहेत, एवढ्यावरच ती खूश होती. त्यांनी पुन्हा रंधा हातात धरावा, याहून जास्त त्या घराला काही नको होते.

काही आठवड्यांनी एका सकाळी मिस्त्री चपला घालायला वाकले आणि त्यांच्या नाकातून टप्पकन पाणी पडले. त्यांनी मला काढले आणि नाक पुसले.

"झाली वाटतं सर्दी," ते म्हणाले.

बायकोने वाफारा दिला. मुलीने पंखा बंद केला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाणी थांबेना. वाकले की येई, आडवे झाले की थांबे. बसले की डोके दुखे. घशाशी खारट लागते असे ते म्हणत, आणि त्यावर बायको त्यांना मिठाच्या पाण्याच्याच गुळण्या करायला लावी!

मित्रांनो, ते पाणी सर्दीचे नव्हते. सर्दी मी आयुष्यभर टिपली होती. हे पाणी पातळ, स्वच्छ होते. त्याला चिकटपणा नव्हता. आणि मी वाळलो, की मऊच्या मऊ राही. मिस्त्रींच्या बायकोलाही ते जाणवले. मला दोरीवरून काढताना ती कौतुकाने म्हणाली, "आता बरं झालंय. नुसता पाण्यातून काढला की स्वच्छ."

मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायला जायचा दिवस आला. त्यांच्या दाराशीच मिस्त्रींनी नाक नीट पुसले, माझी घडी केली आणि मला खिशात तळाशी कोंबले.

"बाबा, सर्दीचंही सांगू या," मुलगी म्हणाली.

"वेडी आहेस का? त्यांनी माझं डोकं उघडलं. त्यांच्यापुढे काय शेंबूड घेऊन जायचं?"

आत डॉक्टरांनी टाके पाहिले. जखम कोरडी होती. त्यांना सरळ रेषेत चालवून पाहिले. चेहऱ्याची नस शाबूत आहे ना हे बघायला म्हणाले, "दात दाखवा."

"लग्न ठरवतानाही कुणी एवढं बघितलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले.

"आणखी काही त्रास?"

मुलगी म्हणाली, "थोडी सर्दी आहे. बरेच दिवस..."

"ती माझी जुनी मैत्रीण आहे, डॉक्टर," मिस्त्रींनी तिला अडवले. "सुतार ना मी. भुशाची सर्दी."

"मग भुशापासून लांब राहा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले.

ऑपरेशन झाल्यापासून मिस्त्रींनी कारखान्यात पाऊलही टाकले नव्हते. मग हा भुसा आला कुठून? कुणी विचारले नाही. मी खिशाच्या तळाशी ओलाच होतो.

एका दुपारी मिस्त्रींना थंडी वाजून ताप भरला. उजेड सहन होईना. मान लाकडासारखी ताठ झाली. मुलीला ते आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. ती आणि तिची आई त्यांना इस्पितळात घेऊन गेल्या. तिथे छातीचा फोटो काढला, लघवी तपासली, टाके पुन्हा पाहिले. सगळीकडे ठीक. ताप मात्र चढतच होता.

तेवढ्यात चष्मेवाली तरुण डॉक्टरीण आली. तिने आजवरची सगळी हकीकत विचारली आणि मुलगी सांगत असताना तिला मधेच थांबवून म्हणाली, "सर्दी? ऑपरेशनच्या आधीपासून की नंतर?"

"नंतर," मुलगी म्हणाली.

डॉक्टरणीने मिस्त्रींना कुशीवर वळवले आणि त्यांचे डोके पलंगाच्या कडेला खाली केले. मुलीने सवयीने मला नाकाशी धरले.

"रुमाल बाजूला करा. पडू दे."

थेंब पडला. मग दुसरा. डॉक्टरणीने ते बारीक नळीत धरले. मग तिने मला हातात घेऊन चुरगाळून पाहिले. "हा रोज कोण धुतं?"

"मी," मिस्त्रींची बायको म्हणाली.

"वाळल्यावर कडक होतो?"

"पूर्वी व्हायचा. आता नाही. आता अगदी मऊ..."

डॉक्टरीण हलक्या आवाजात सांगू लागली. "आजी, ही सर्दी नाही. मेंदूभोवती जे पाणी असतं ना, ते हे पाणी आहे. कानामागचं हाड आतून जाळीसारखं पोकळ असतं. ऑपरेशननंतर तिथे कुठेतरी फट राहिली असणार. तिथून पाणी कानात उतरतं, आणि कानातून नाकाकडे एक नळी जाते, तिच्यातून बाहेर येतं. म्हणून तर बाहेरची जखम कोरडी दिसते. आणि त्याच वाटेनं जंतू आत गेलेत."

तपासणीत तसेच निघाले. मोठे डॉक्टर धावत आले. शिरेतून औषधे सुरू झाली आणि मग दुसरे ऑपरेशन करून ती फट बुजवली. बाहेर आल्यावर डॉक्टर मुलीसमोर बसले. "त्या दिवशी मी त्यांना फक्त एकदा वाकायला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मुलीने मान हलवली. तिला त्यांच्यावर रागावता आले नाही आणि त्यांना माफही करता आले नाही.

फट चांगली बुजली. त्यानंतर मिस्त्रींच्या नाकातून थेंबही आला नाही. मी उशीजवळ घडी होऊन पडून असे, आणि मला काही काम नसे. पण जंतूंमुळे मेंदूला आलेली सूज उतरली नाही. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत, आणि काही दिवसांनी ते गेले.

समाचाराला लोक आले. ऑपरेशन तर चांगले झाले होते ना, असे जो तो विचारी. मिस्त्रींची बायको म्हणे, "सर्दी झाली होती." लोक चमकून पाहत. सर्दीने का कुणी जाते, असे त्यांच्या तोंडावर दिसे. मग मुलगी पुढे सरके आणि वाकल्यावर पडलेल्या पहिल्या थेंबापासून सगळे सांगू लागे. पॉलिशवाला रोज येई, आणि ती ते त्यालाही रोज सांगे. तो एकदाही म्हणाला नाही, की हे मी ऐकले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी ऑपरेशन होऊन आले, तर त्यानंतर जे जे नवे दिसेल, ते डॉक्टरांना सांगा. नाकातले पाणी असो, घशातली खारट चव असो, नाहीतर मऊ वाळणारा रुमाल असो. ते क्षुल्लक आहे, असे घरीच ठरवून टाकू नका. रुग्ण थट्टेवारी नेईल, डॉक्टर घाईत असतील, तरी वाक्य पुरे करा. सगळ्यांत आधी मला कळले होते. पण मी कापड आहे. मला फक्त ओले होता येते.