मालकाचं नाव

जुना कॅमेरा तपासून कसा घ्यावा, हे कोणी तिच्याकडून शिकावं. शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा तिने काढला. लेन्समध्ये बुरशी धरलीय का ते टॉर्च मारून पाहिलं. कोणी आधी कॅमेरा खोलून आत हात घातलाय का ते कळावं म्हणून एकेका स्क्रूची खाच भिंगाखाली धरली. विकणारा कोण ते वगळून हे सगळं तिने थोरल्या बहिणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "नवरा निवडताना एवढी चिकित्सा केली असतीस तर बरं झालं असतं!" एवढं करून बाईंनी मेनूतलं एक पान उघडलं नव्हतं. मालकाचं नाव लिहिलेलं असतं ते पान.

विकणारे होते मास्तर. शहरातल्या निम्म्या फोटोग्राफरांना कॅमेरा धरायला त्यांनी शिकवलेलं. एवढा मोठा कॅमेरा त्यांनी बाजारभावापेक्षा बराच खाली दिला तो एकाच अटीवर.

"मी कॅमेरा विकला हे कोणाला कळता कामा नये, पोरी. डोळे गेले म्हटलं की लोक आपल्यासमोर हळू आवाजात बोलायला लागतात. मला नाही सहन व्हायचं ते."

तिने शब्द दिला. विक्रीचा कागद मात्र केला नाही.

आणि आज ती वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो विभागाच्या साहेबासमोर बसली होती. काल दुपारी लाकडाच्या वखारीला आग लागली, तेव्हा ती दोन गल्ल्या पलीकडे होती. धूर पाहून धावली आणि अठरा फोटो घेऊन आली. ते पटले तर पहिल्या तारखेपासून कायमची नोकरी, असं साहेबाने फोनवर सांगितलं होतं. पासपोर्ट फोटोच्या दुकानातली नोकरी तिने महिन्यापूर्वीच सोडली होती. घरी हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

साहेब एकेक फोटो पाहत गेला. अकराव्यावर थांबला, पुढे झुकला आणि स्वतःशीच "वा!" म्हणाला. मग त्याने फाइलची माहिती उघडली आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे कोणाचे फोटो आहेत?"

"माझे."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. कॅमेऱ्याचा मालक म्हणून तिथे मास्तरांचं नाव होतं, आडनावासकट. अठराच्या अठरा फोटोंवर.

"कॅमेरा सेकंडहँड आहे," ती कशीबशी म्हणाली.

"कोणाकडून घेतलात?"

तिने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"मास्तर कॅमेरा विकतील? परवाच भेटले रस्त्यात, बॅग होती खांद्याला. बाई, ज्या माणसाने मला हे काम शिकवलं, त्याचे फोटो तुम्ही मलाच विकायला आणलेत?"

मांडीवरचा कॅमेरा तिने घट्ट धरला. एक वाक्य बोललं की सुटका होती. ते वाक्य ओठांपर्यंत आलं, पण ती मूग गिळून बसली. तिला स्वतःचाच भयंकर राग येत होता.

साहेबाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "मास्तर, काल वखारीच्या आगीला होतात का?"

पलीकडून मास्तरांचा ठणठणीत आवाज आला, "होतो की! आग लागली आणि मी घरी बसलो, असं कधी झालंय?"

म्हातारा नुसता तोरा मिरवत होता. त्या तोऱ्याने इकडे कोणाचा गळा कापला जातोय, याची त्याला कल्पना नव्हती.

"मग जरा येऊन जा," साहेब म्हणाला.

मास्तर शेजारच्याच गल्लीत राहायचे. वीस मिनिटांत भिंतीला हात लावत ते आले. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. रिकामी बॅग कशी हलते ते तिने पाहिलं आणि मान खाली घातली.

"बसा मास्तर. बघा हे फोटो, तुमचेच ना?" म्हणेपर्यंत साहेबाचा फोन वाजला. तो बोलत खिडकीकडे गेला.

मास्तर स्क्रीनसमोर बसले आणि नाक टेकेल इतके पुढे झुकले. इतक्या वेळात स्क्रीन आपोआप बंद पडला होता. समोर नुसता काळा चौकोन होता.

"उजेड छान पकडलाय," मास्तर म्हणाले.

साहेबाची पाठ होती. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, इकडे बघा. नोकरी तिची, इज्जत तिची, फोटोही तिचे. साहेबाने फोन ठेवला, तो वळू लागला आणि तिने हात लांब करून माऊस हलवला.

स्क्रीन उजळला. मास्तरांच्या चेहऱ्यावर निळसर प्रकाश पडला, आणि तेवढं त्यांना कळलं. मघाशी आपण कशाची तारीफ केली, तेही कळलं.

"कोण आहे इथे?" त्यांनी हळू विचारलं.

"मी आहे, मास्तर."

आवाज त्यांनी लगेच ओळखला. साहेब खुर्चीत येऊन बसला. "काय मास्तर? कोणाचे?"

"हिचे," मास्तर म्हणाले. "कॅमेरा मी हिला विकला. मघाशी फोनवर खोटं बोललो. मला दिसत नाही रे. दोन वर्षं झाली." त्यांनी बॅग उघडून टेबलावर उपडी केली. जुन्या वर्तमानपत्राचे बोळे बाहेर पडले. "आणि ही गाढव मला दिलेला शब्द पाळत बसली."

साहेब खरोखरच हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्ही आधी सांगायचंत ना..."

"मोठ्याने बोल. कान शाबूत आहेत."

मग त्यांनी तिच्याकडून कॅमेरा मागून घेतला. अंगठ्याने बटणं मोजत ते मेनूत शिरले, स्वतःचं नाव एकेक अक्षर करत पुसलं आणि कॅमेरा परत तिच्या हातात ठेवला. कुठेही चुकले नाहीत.

"आता सांग, कोणता फोटो आहे समोर?"

ती स्क्रीनकडे वळली. "फायरमन फुटपाथवर बसलाय. त्याची बोटं आखडलीत, पेला धरता येत नाही. वखारीचा मालक त्याला आपल्या हाताने पाणी पाजतोय. मागे वखार जळतेय."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांनी फोटो मनात मांडून पाहिला.

"मी असतो तर अर्धं पाऊल डावीकडे सरकलो असतो."

"डावीकडे भिंत होती, मास्तर. तापलेली."

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच डावीकडे हात नेला आणि परत घेतला.

"मग बरोबर उभी होतीस," ते म्हणाले.